अंगावर धातू नको

खोली भाड्याने पाहायला गेले तेव्हा काकूंनी विचारलेला पहिला प्रश्न नोकरीचा नव्हता, जातीचा नव्हता, रात्री किती वाजता येणार याचाही नव्हता. दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "अंगावर धातू काय काय आहे?"

मी कानातले, घड्याळ आणि एक अंगठी सांगितली.

"गॅलरीत यायचं असेल तर हे सगळं या वाटीत. यायचं नसेल तर राहू दे."

दाराशेजारच्या फळीवर प्लास्टिकची एक निळी वाटी होती. तिच्यात एक बांगडी आणि एक किल्ली आधीच पडलेली होती. बांगडी कामाला येणाऱ्या बाईंची. किल्ली कुणाची हे त्या घरात कुणालाच आठवत नव्हतं, पण ती विसरणारा कधी ना कधी परत येईल म्हणून काकूंनी ती ठेवली होती.

हे मुलुंड पूर्वेला, तीन मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. आतल्या खोलीत काकू आणि त्यांचे पती राहत. ते शाळेत मराठी शिकवत असत, त्यामुळे सगळी सोसायटी त्यांना 'सर' म्हणायची. बाहेरची छोटी खोली त्या भाड्याने देत. मी तिथे साडेतीन वर्षं राहिले. त्या काळात काकूंना मी साडी नेसून बाहेर जाताना पाहिलं, मीटिंगमध्ये उभं राहून बोलताना पाहिलं, एकदा डॉक्टरांशी भांडतानाही पाहिलं. पण आज त्यांची आठवण आली की त्या दिसतात गॅलरीत, पाटावर बसलेल्या, गळा मोकळा, हात मोकळे, हातात काचेचा हायड्रोमीटर आणि समोर चार बॅटऱ्या.

बॅटऱ्या साध्या इन्व्हर्टरच्या होत्या, शिसं आणि ॲसिडवाल्या, एकेक बॅटरी एकट्या माणसाला न उचलणारी. चौघींखाली लाकडी पाट होते. दोन पाट काकूंच्या लग्नातले. पाटाखाली प्लास्टिकचे ट्रे, शेजारी सांडलेलं ॲसिड मारायला खाण्याच्या सोड्याचा डबा, पेट्रोलियम जेलीची बाटली, सायकलची ट्यूब गुंडाळलेला पाना आणि बॅटरीच्या पाण्याचा कॅन. गॅलरीत उदबत्ती नाही. दिवाळीत पणतीही नाही. चार्जिंग चालू असताना बॅटरीतून जो वायू निघतो त्याला ठिणगी चालत नाही, म्हणून देव स्वयंपाकघरात हलवलेले होते. खंडेनवमीला काकू बॅटऱ्यांची पूजा करत, पण हळदकुंकू पाटाला, बॅटरीला फक्त एक फूल, आणि तेही टर्मिनलपासून लांब.

काकू टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी रूममधून निवृत्त झाल्या होत्या. गावभर वीज गेली तरी जुने टेलिफोन चालू राहायचे, ते या खोलीमुळे. तिथे माणसाच्या कमरेपर्यंत येणारे काचेचे सेल रांगेत उभे असत आणि काकूंचं काम होतं त्यांना रोज पाहणं. नोकरीच्या सुरुवातीला एका सहकाऱ्याचं स्टीलचं घड्याळ सेल जोडणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्यांना एकदम टेकलं. घड्याळ हातावरच लाल झालं. माणूस वाचला, मनगटावर पट्ट्याची खूण राहिली. दुसऱ्या दिवशी काकू कामावर मंगळसूत्र घरी ठेवून गेल्या. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सरांनी गॅलरीच्या दाराजवळ एक लाकडी खुंटी ठोकली आणि आईला सांगितलं, "कामाला जाताना ती इथे ठेवेल, आल्यावर इथून घेईल. मी शाळेत डगला काढून ठेवतो ना, तसं."

खुंटी मी राहायला गेले तेव्हाही तिथेच होती. काकू निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गॅलरीत पाऊल टाकण्याआधी त्यांचा हात आपोआप मानेकडे जायचा. मंगळसूत्र खुंटीवर, मग काम. काम संपलं, हात धुतले, की पुन्हा गळ्यात. एका संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका ठरल्या वेळेआधी आल्या. काकू मोकळ्या गळ्याने बाहेर डोकावल्या आणि म्हणाल्या, "बसा, बसा. एक सेल राहिलाय." बायका बसल्या. एकीने दुसरीकडे पाहिलं. काकू पाच मिनिटांनी मंगळसूत्र घालून, हाताला सोड्याचा वास घेऊन आल्या आणि त्यांनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. वाणात त्यांनी त्या वर्षी रबरी हातमोजे दिले होते.

मुंबईत वीज जात नाही, हे वाक्य मुलुंडमध्ये कुणी म्हणत नाही. आमच्याकडची वीज वेगळ्या वाटेने येते आणि वेगळ्या कारणांनी जाते. कधी केबल खणली जाते, कधी ट्रान्सफॉर्मर बसतो, कधी कारण कळतच नाही. बहुतेक घरांत इन्व्हर्टर असतो, पंखा आणि दोन दिव्यांपुरता. काकूंच्या बॅटऱ्या पंख्यासाठी नव्हत्या.

सरांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. त्यांना दिवसरात्र ऑक्सिजन लागायचा. पलंगाजवळ एक मशीन होतं, ते खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीतून नाकाशी पोचवायचं. मशीन विजेवर चालायचं. मी राहायला जाण्याच्या आदल्या वर्षी सर लागोपाठ तीनदा हॉस्पिटलात होते. तिसऱ्या वेळी परत येताना टॅक्सीत त्यांनी काकूंना सांगितलं, "पुन्हा तिथे नको." काकू म्हणाल्या, "नाही." डॉक्टरांनी एकच अट घातली, वीज गेली तर काय, याचं पक्कं उत्तर हवं. पलंगाखाली एक छोटा सिलिंडर होता, पण तो रुग्णवाहिका येईपर्यंतचा. रुग्णवाहिका आली म्हणजे हॉस्पिटल आलंच. तेव्हा उत्तर बॅटऱ्यांनीच द्यायचं होतं.

काकूंनी मशीनला लांब नळी लावून घेतली होती. नळीमुळे सरांचं जग मोजलेलं होतं. पलंग, बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा आणि गॅलरीचा उंबरठा. उंबरठ्याच्या पलीकडे नळी पोचत नव्हती. काकूंनी ती मुद्दामच तेवढी ठेवली होती. बॅटरी आणि ऑक्सिजन एकमेकांच्या जवळ नकोत.

हायड्रोमीटर सेलमधल्या ॲसिडची घनता दाखवतो, आकडा जितका मोठा तितका सेल भरलेला. सकाळी काकू गॅलरीतून हे आकडे मोठ्याने सांगत आणि आत पलंगावर बसलेले सर त्यांना शेरे देत.

"बाराशे पन्नास!"

"उत्तम."

"बाराशे पन्नास!"

"उत्तम. बाजूच्याची कॉपी केलेली दिसते."

"बाराशे वीस."

"काठावर पास. पालकांना बोलवा."

"पालक मीच आहे. बोला."

"मुलगी वर्गात लक्ष देत नाही, बाई."

"घरी पण देत नाही," काकू म्हणायच्या आणि पुढच्या सेलकडे वळायच्या.

त्यांची काही मतं ठाम होती. बॅटरी मरत नाही, तिला मारलं जातं, हे एक. रिकामी बॅटरी ठेवून देणं म्हणजे आजारी माणसाला कुलूप लावून गावाला जाणं, हे दुसरं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या घराचा मेन स्विच बंद करत आणि मशीन काही काळ बॅटरीवर चालवत. "वीज गेल्यावर कळून काय उपयोग?" असं त्यांचं म्हणणं. मिठागराकडून येणाऱ्या वाऱ्यावर त्यांचा राग होता, कारण त्या खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढायची. वारा सुटला की त्या खिडकीतून पूर्वेकडे पाहून "आला मेला" म्हणायच्या.

पण चुका त्यांच्याही होत. एका उन्हाळ्यात वीज बराच वेळ जाऊन आली. बॅटऱ्या उतरलेल्या असताना काकूंनी सेलमध्ये काठोकाठ पाणी भरलं. पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालायचं असतं. चार्ज होताना ते वर चढतं. ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर इतरांना सांगितली होती. त्या दिवशी सरांना धाप लागली होती आणि त्या घाईत होत्या. पाणी चढलं, झाकणांतून बाहेर आलं, ट्रे भरून गॅलरीच्या मोरीतून थेंब थेंब खालच्या मजल्यावर उतरलं. तिथे राहणाऱ्या भाभींची साडी वाळत होती. त्या दिवशी कुणालाच काही दिसलं नाही. ॲसिडचं तसंच असतं. साडी पुढच्या वेळी धुतली तेव्हा तिची चाळणी झाली.

भाभी साडी घेऊन वर आल्या. "काकू, देखो. माझ्या भावाने दिलेली."

काकूंनी साडी उजेडात धरली, भोकं पाहिली आणि म्हणाल्या, "ॲसिड आहे. माझंच. मी आधी पाणी घातलं."

भाभी भांडायच्या तयारीने आल्या होत्या. कबुली ऐकून त्यांची पंचाईत झाली. काकूंनी कपाटातून स्वतःची एक कोरी साडी काढून त्यांच्या हातात दिली. भाभींनी ती घेतली, पण विषय तिथे थांबला नाही. त्यांच्या गॅलरीत त्यांची नात खेळायची. साडीच्या जागी नात असती तर?

प्रश्न रास्त होता. तो सोसायटीच्या सभेत आला.

सभा गच्चीवर झाली. सेक्रेटरी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. आवाज मोठा, माणूस सरळ. ते म्हणाले, "हे बघा वहिनी, व्यक्तिशः मला काही नाही. पण बिल्डिंग जुनी. गॅलरी बाहेर काढलेली. तिच्यावर तुम्ही पाव टन वजन ठेवलंय. वर ॲसिड. वर तो गॅस. उद्या काही झालं तर मी काय सांगू?"

"वजन मी भिंतीकडे घेते. खाली बीम आहे तिथे," काकू म्हणाल्या.

"आणि ॲसिड?"

"मोरीला बूच बसवते. पुन्हा थेंब जाणार नाही."

"वहिनी, सगळं खरं. पण एवढं करून त्या बॅटऱ्या वेळेला चालतील याची तरी काय गॅरंटी? त्यापेक्षा सरांना नीट हॉस्पिटलात..."

काकू उभ्या राहिल्या. "रविवारी सकाळी मी मेन बंद करते. कमिटीने येऊन बसावं. दिवेलागणीपर्यंत मशीन चाललं तर बॅटऱ्या राहतील. नाही चाललं तर मी स्वतः खाली उतरवते."

"वहिनी, तुमच्याकडून एवढं कुणी मागितलेलं नाही."

"मी सांगतेय."

खाली येताना मी त्यांना विचारलं, एवढी मोठी पैज कशाला? त्या जिन्यात थांबल्या, कारण त्यांचे गुडघे दुखत होते. "पैज नाही. मला पण कळायला हवं," म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्यांनी एका मिस्त्रीला घेऊन बॅटऱ्या भिंतीकडे सरकवल्या, मोरीला बूच लावलं, टर्मिनल घासले. आकडे सांगताना मात्र त्यांचा आवाज नेहमीसारखा चढत नव्हता. बरेच सेल काठावर होते. पाणीही हल्ली लवकर आटत होतं. काकूंनी ते उन्हावर ढकललं. सरांनी एका सकाळी कुठलाच शेरा दिला नाही, तेव्हा त्यांनी आत डोकावून विचारलं, "झोपलात का?"

"नाही. पेपर तपासतोय," सर म्हणाले.

रविवारी नाश्त्यानंतर सेक्रेटरी आणि कमिटीचे दोन जण आले. घड्याळं, चेन, किल्ल्या निळ्या वाटीत पडल्या. सेक्रेटरींची अंगठी निघेना. ते म्हणाले, "मी गॅलरीत जात नाही. इथूनच बघतो." काकूंनी मेन बंद केला. पंखा मंदावत थांबला. मशीनचा घरघराट तुटला नाही. सरांनी पलंगावरून हात वर केला. "हजर."

चहा झाला, पोहे झाले. कमिटीने क्रिकेटवर बोलून घेतलं, पुनर्विकासावर बोलून घेतलं. दुपारी सगळे जेवायला आपापल्या घरी गेले. सेक्रेटरी जाताना म्हणाले, "झालंच की वहिनी. चालतंय झकास."

ऊन गॅलरीत तिरपं यायच्या आत इन्व्हर्टर वाजायला लागला. आधी एक टोला, मग थांबून दुसरा, मग सलग. काकू हातातला घास ताटात ठेवून उठल्या. त्यांनी मीटर पाहिला आणि मेन चालू केला. सगळं मिळून मिनिटही गेलं नसेल. सरांच्या नळीतून हवा थांबली नव्हती. कमिटीचं कुणी तिथे नव्हतं. दिवेलागणीला अजून बराच वेळ होता.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींनी तोवर टाकलं होतं, 'बॅटरी चाचणी यशस्वी. वहिनींचे अभिनंदन.' खाली वर केलेल्या अंगठ्यांच्या चित्रांची रांग लागली होती.

काकू गुडघे धरत खाली गेल्या. मी बरोबर होते. सेक्रेटरी बनियनवर दार उघडायला आले.

"नापास," काकू म्हणाल्या.

"काय?"

"बॅटऱ्या. मधेच बसल्या. ते पुसा."

"अहो, वहिनी, जाऊ द्या ना. एवढा वेळ कुठे जाते लाइट? मी टाकून पण दिलं. लोक खूष झाले."

"पुसा."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय. आणि लाइट गेली की सरांना कळेल."

सेक्रेटरींनी आपला मेसेज काढून टाकला. मग काकूंनी स्वतःच्या फोनवर एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'चाचणी नापास. कारण शोधत आहे. सापडले की पुन्हा घेऊ.' यावर कुणी अंगठा दाखवला नाही. बऱ्याच वेळाने भाभींनी हात जोडलेलं चित्र टाकलं.

कारण संध्याकाळच्या आत सापडलं. काकूंनी मंगळसूत्र खुंटीवर ठेवलं आणि चारही बॅटऱ्यांची झाकणं उघडली. मग काहीतरी आठवल्यासारखं पाण्याच्या कॅनकडे पाहिलं. एका वाटीत त्यातलं पाणी घेतलं आणि मीटरच्या दोन तारा त्यात बुडवल्या. बॅटरीच्या शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, काटा हलायला नको. काटा हलला. त्यांनी स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी दुसऱ्या वाटीत घेतलं. काटा तेवढाच हलला.

त्या उंबरठ्यापाशी आल्या. सर नळी ओढून उंबरठ्याच्या आत उभे होते.

"गॅरेजवाल्याने हे आणून दिलं?" काकूंनी विचारलं.

कॅनची एक पद्धत होती. रिकामा कॅन काकू ओट्याखाली ठेवायच्या आणि कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येता-जाता भरलेला कॅन ठेवून रिकामा घेऊन जायचा.

"गॅरेज बंद झालं गं," सर म्हणाले. "दिवाळीच्या आधीच. गणपतीला तो सांगून गेला. तू औषधं आणायला गेली होतीस."

"मग हे कोण भरतं?"

सर नळीचा पीळ सोडवू लागले.

"अहो, मी विचारतेय."

"तू स्टेशनपर्यंत चालत गेली असतीस. त्या गुडघ्यांनी. ओट्यापर्यंत मी पोचतो. फिल्टरखाली कॅन धरायचा, एवढंच तर काम. मला वाटलं, या घरात एक काम तरी माझं." ते थांबले, श्वास घेतला. "पाणीच होतं ना. स्वच्छ. मी तेच पितो."

"तुम्ही प्या," काकू म्हणाल्या. "त्यांना नाही चालत."

फिल्टरच्या पाण्यात क्षार असतात. माणसाला ते लागतात. बॅटरीच्या आत ते साठत जातात आणि ती आतून खचत जाते. हे त्यांनी सरांना सांगितलं नाही. सरांना ते एव्हाना समजलं होतं. ते भिंतीला धरून पलंगापर्यंत गेले आणि बसले. काकूंनी चारही बॅटऱ्यांची झाकणं एकेक करून लावली, हात धुतले, मंगळसूत्र घातलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. ग्रुपवर तोही होता. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला.

"आई, बस झालं आता. मी उद्या येतो. बाबांना ॲडमिट करू. निदान नव्या बॅटऱ्या येईपर्यंत तरी."

काकूंनी सरांकडे पाहिलं. "तुम्ही ठरवा. नव्या येईपर्यंत माझ्याकडे अर्ध्या दिवसाचीच वीज आहे. खोटं नाही सांगणार."

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," सर म्हणाले. "मी नापास मुलांना कधी शाळेतून काढलं नाही रे. पुरवणी परीक्षा असते."

"हा जोक करायचा विषय आहे का, बाबा?"

"नाही. म्हणूनच सांगतोय. मी इथेच बसतो."

काकू फोनमध्ये म्हणाल्या, "ऐकलंस ना? आता ठेव. मला दुकानदाराला फोन करायचाय."

बॅटऱ्या चारही बदलायच्या होत्या. नवी आणि जुनी एकत्र जोडली की जुनी नवीला ओढते, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार जुन्या परत घ्यायला तयार होता, पण माल फक्त फाटकापर्यंत पोचवणार होता. वर चढवणं गिऱ्हाइकाचं. म्हणजे चार खाली आणि चार वर, तीन मजले, लिफ्ट नाही. आणि बॅटरी आडवी होता कामा नये.

टेम्पो आला तेव्हा काकू फाटकात उभ्या होत्या. त्यांनी हमालांची सोय पाहिली होती, पण दुसरीकडे जास्तीचं काम मिळालं म्हणून ते आले नाहीत. टेम्पोवाला घड्याळ बघत होता. काकूंनी पदर खोचला आणि एका बॅटरीला हात घातला. ती हलली नाही. त्यांनी पुन्हा हात घातला.

वरून सेक्रेटरींचा आवाज आला. "वहिनी, हात काढा आधी! तुम्हाला उचलायचं का मग आम्ही?"

ते उतरले. त्यांच्या मागे भाभींचे मिस्टर, तळमजल्यावर शिकवण्या घेणारे क्लासवाले आणि कमिटीचे ते दोघं. काकूंनी आभार मानले नाहीत. त्या वर गेल्या आणि निळी वाटी घेऊन खाली आल्या. जिन्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी ती सगळ्यांसमोर धरली.

"अंगावर धातू नको."

"काकू, जिन्यात पण?" क्लासवाल्यांनी विचारलं.

"जिन्यात तर नकोच. निसटली की कुठे टेकेल सांगता येत नाही."

घड्याळं पडली. कडं पडलं. भाभींच्या मिस्टरांनी गळ्यातली चेन काढली. ती त्यांनी लग्नापासून काढली नव्हती असं भाभींनी खिडकीतून सगळ्यांना सांगितलं. सेक्रेटरींची अंगठी अडली.

"राहू दे ना वहिनी, एकच तर आहे."

"मग तुम्ही बाजूला उभे राहा."

"अहो, मला सोडलं तर उचलणार कोण? हे?" त्यांनी क्लासवाल्यांकडे बोट दाखवलं.

भाभी घरातून साबण घेऊन आल्या. सेक्रेटरी नळाखाली हात धरून उभे राहिले. बोट लाल झालं. शेवटी अंगठी निघाली आणि वाटीत वाजली. "बायकोला सांगू नका," ते म्हणाले. त्यांची बायको मागेच उभी होती.

दोराची झोळी करून, तिच्यात बांबू घालून, दोघे पुढे दोघे मागे, बॅटऱ्या वर चढल्या. प्रत्येक वळणावर काकू आधी वर जाऊन उभ्या राहत आणि "सरळ, सरळ, वाकवू नका" म्हणत. दर मजल्याला त्या एका हाताने कठडा धरून थांबत. वर दारातून सरांचा आवाज यायचा. नळी तिथवर पोचत नव्हती, ते आतूनच ओरडत. "पहिली विद्यार्थिनी हजर! दुसरी कुठाय? उशीर झाला तर बाहेर उभं करीन!" हसल्यावर त्यांना खोकला यायचा. भाभींचे मिस्टर जिन्यात म्हणाले, "सर, तुम्ही गप्प राहा, नाहीतर आम्हाला हसू येतं आणि ही खाली पडते."

नव्या बॅटऱ्या काकूंनी लगेच परीक्षेला बसवल्या नाहीत. आधी त्या पूर्ण चार्ज केल्या आणि काही दिवस आकडे घेतले. पाण्याचा कॅन आता स्टेशनजवळच्या दुकानातून यायचा. तो आणायचं काम सेक्रेटरींनी घेतलं, कारण त्यांचं रोजचं फिरणं त्याच रस्त्याने होतं. कॅन आला की सरांनी मीटरच्या तारा पाण्यात बुडवून काटा पाहायचा, हे काम काकूंनी त्यांना दिलं. ओट्यावर, नळीच्या टप्प्यात. सर काटा पाहून "निर्दोष" असा शेरा द्यायचे आणि मगच कॅन गॅलरीत जायचा.

दुसऱ्या चाचणीच्या रविवारी कमिटीने जेवायलाही घरी जायचं नाही असं ठरवलं. डबे वर आले. ऊन गॅलरीत आलं, भिंतीवर चढलं, उतरलं. भाभींनी खाली तुळशीपाशी दिवा लावला आणि वर हाक मारली, "काकू, दिवा लागला!" मशीन घरघरत होतं. काकूंनी मीटर पाहिला, अजून थोडा वेळ चालू दिलं आणि मगच मेन चालू केला. सर म्हणाले, "प्रथम श्रेणी." सेक्रेटरींनी फोन काढला, तेव्हा काकू म्हणाल्या, "आता टाका."

त्यानंतर वीज अनेकदा गेली. एका पावसाळ्यात केबलमध्ये पाणी जाऊन सबंध गल्ली सकाळपासून दुपार उलटेपर्यंत बंद होती. आमच्या घरात मशीन चाललं, सरांनी पेपर वाचला, काकूंनी आमटी केली. काही न घडण्याची बातमी होत नाही. मी त्या दिवशी माझ्या वर्तमानपत्राच्या ऑफिसला वेळेवर पोचले आणि तिथे केबलची बातमी दोन ओळींत लावली.

सर पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात गेले. घरी, दुपारी, आपल्या पलंगावर. वीज होती. मशीन चालू होतं, बॅटऱ्या भरलेल्या होत्या आणि त्यांची गरज पडली नाही. सकाळचे आकडे झाले होते. शेवटचा शेरा 'उत्तम' होता.

नातेवाईक आले. दिंडोशीहून सरांची बहीण आली, काकूंची नणंद, मालवणला सासर असलेली, थोरली. ती दिवस होईपर्यंत राहिली. तिने स्वयंपाकघर सांभाळलं, फोन घेतले, आल्यागेल्याला चहा दिला. काकूंच्या गळ्यातलं मंगळसूत्र तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.  आल्यागेल्या बायकाही पाहत होत्या. घरात तो विषय न बोलता फिरत होता.

दिवस झाल्यावर दुसऱ्या सकाळी काकू उठल्या, आंघोळ केली आणि गॅलरीत गेल्या. मधल्या दिवसांत बॅटऱ्यांकडे कुणी पाहिलं नव्हतं. मी वाटीत घड्याळ ठेवून त्यांना सोडा आणि पाणी देत होते. त्या आकडे घेत होत्या, पण मोठ्याने सांगत नव्हत्या. मशीन आता बंद होतं. तळमजल्यावरच्या क्लासवाल्यांच्या आईला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावायला सांगितला होता. काकूंनी त्यांना निरोप पाठवला होता की मशीनही घेऊन जा आणि बॅटऱ्याही. पण आधी बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून, पाणी घालून देईन, आणि पहिल्या रविवारी चाचणी माझ्यासमोर होईल.

नणंद चहा घेऊन गॅलरीच्या दाराशी आली. खुंटीवर मंगळसूत्र लटकत होतं. काकूंचा गळा मोकळा होता. ती बराच वेळ त्याकडे पाहत उभी राहिली. तिचे डोळे भरले.

"बरां केलंस गो वयनी," ती म्हणाली. "आपणहून काढलंस ता. माझ्या जिभेवर इला नसता."

काकूंनी शेवटच्या सेलमध्ये पाणी घातलं, झाकण फिरवलं आणि सांडलेला थेंब सोड्याने पुसला. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मोरीवर कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले. मग खुंटीवरून मंगळसूत्र घेतलं, दोन्ही हात मानेमागे नेले आणि ते गळ्यात घातलं.

"काढलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "काम चालू होतं."

आणि त्यांनी नणंदेच्या हातातला चहा घेतला.